मुठीतल्या अक्षता

डॉक्टरांनी फोनवर ‘कॅन्सर’ म्हटलं तेव्हा मी फ्रिजचं दार उघडून उभी होते. दही काढायला गेले होते. लॉकडाउनमुळे स्पेशालिस्ट फोनवरच भेटत. पुढच्या खोलीत नवऱ्याची मीटिंग, वरच्या खोलीत लेकीचे युनिव्हर्सिटीचे ऑनलाइन तास, म्हणून माझा दवाखाना स्वयंपाकघरात. “इट्स अर्ली,” डॉक्टर म्हणाल्या. लवकर सापडलाय, ऑपरेशनने बरा व्हावा. मी नुसतं “ओके, ओके” म्हणत राहिले. फ्रिज दार उघडं राहिल्याची कुरकुर करत होता, पण आतला पिवळा उजेड बरा वाटत होता, म्हणून मी तिथेच उभी राहिले.

त्या फ्रिजनेच मला वाचवलं. इथे ऑस्ट्रेलियात पन्नाशी उलटली की सरकारकडून पोस्टाने एक किट येतं. बॉवेल कॅन्सर स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसतानाच आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, घरच्या घरी करायची. दोन वेगवेगळ्या वेळी शौचाचा कणभर नमुना काडीने घ्यायचा, नळीत बंद करायचा आणि पोस्टाने पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते लॅबमध्ये पाहतात. एवढंच. फक्त पोस्टात टाकेपर्यंत त्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या.

फ्रिजमध्ये! जिथे विरजण असतं, नैवेद्याचं दूध असतं! आपल्या बायकांचं घोडं इथेच अडतं. माझंही अडलं होतं, पण लेक म्हणाली, “आई, इट्स सील्ड. चिल!” आणि तिने नळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून अगदी खालच्या खणात ठेवल्या. संध्याकाळी नवऱ्याने तो डबा मोठ्या आशेने बाहेर काढलाच. लेक अशी किंचाळली की बिचारा चमचा टाकून पळाला.

रिपोर्टमध्ये रक्त सापडलं. मग कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे गुंगी देऊन कॅमेरा लावलेल्या नळीने आतडं आतून पाहणं. त्याआधी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं. ते जेमतेम घशाखाली उतरतं, पण उतरतं. मग बायोप्सी, म्हणजे आतला छोटा तुकडा काढून तपासणं. आणि मग तो फोन.

पुढच्या फोनवर डॉक्टरांनी विचारलं, “भावंडं आहेत का? त्यांनी टेस्ट केलीय?”

मला एकच थोरली बहीण. ताई टार्निटला मुलाकडे राहते, मी ग्लेन वेव्हर्लीला. मेलबर्नची दोन टोकं. तेव्हा पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी, नाहीतर मी जाऊन तिच्या उरावर बसले असते. तिचं किट कपाटात साड्यांखाली पडून होतं.

“माझ्या फ्रिजमध्ये देवाचं दूध असतं, मंजू. ते मला जमायचं नाही. आणि मला काय धाड भरलीय?”

“मलाही काही होत नव्हतं, ताई.”

“तू आधी बरी हो,” म्हणून तिने फोन ठेवला. स्वतःच्या ऑपरेशनची मला भीती वाटली, पण रात्री झोप उडाली ती ताईमुळे. माझ्या पोटात जे गुपचूप वाढलं, ते तिच्याही पोटात असेल तर?

हॉस्पिटलच्या दारापर्यंतच नवरा आला. आत कुणालाच सोडत नव्हते. आतड्याचा थोडा भाग काढला. नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. वेदनेच्या औषधाचं बटण हातात होतं, दाबलं की पलंग होडीसारखा हलके हलके डुलायचा. खिडकीबाहेर वॅटल फुललेलं. ते पिवळं झाड कधी खोलीत यायचं, कधी आमच्या लहानपणच्या अंगणात जायचं. मास्कमधून नुसते डोळे दिसणाऱ्या नर्सेस मला सगळ्या ओळखीच्या वाटायच्या. एकीला मी मावशी म्हटलं. “नो वरीज, डार्ल,” म्हणत तिने पांघरूण नीट केलं.

त्यातच श्रावणातला शुक्रवार आला. मुलाबाळांना राखणारी देवी म्हणजे जिवती. तिची कहाणी आम्ही बहिणी दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर करायचो. एकीने सांगायची, दुसरीने मुठीत अक्षता धरून ऐकायची. आईची शिस्त अशी, की कहाणी संपेपर्यंत उठायचं नाही, मूठ उघडायची नाही. संपली की अक्षता देवीला वाहायच्या. त्या दिवशी सांगायची पाळी माझी होती.

ताई जिवतीपुढे मूठ मिटून बसली. मी नेहमीची कहाणी सांगितली, पण ‘सुफळ संपूर्ण’ म्हणायच्या आधी थांबले. औषधाच्या तारेत म्हणा, मला पुढचं आपोआप सुचत गेलं.

“आटपाट नगर होतं. तिथे दोघी बहिणी होत्या. दोघींच्या दारी एकेक पांढरी पेटी आली. धाकटीने पेटी उघडली. न दिसणारं रक्त दिसलं, लपलेलं दुखणं सापडलं, धाकटी वाचली. थोरलीने पेटी साड्यांखाली ठेवली...”

“मग?” ताईने नकळत विचारलं.

“मग ठाऊक नाही. थोरलीने अजून पेटी उघडली नाही. उघडली की पुढचं सांगेन.”

“मंजू! देवीच्या कहाणीत चावटपणा? पूर्ण कर आधी!”

मी पूर्ण केली नाही. माझा डोळा लागला. खरंच लागला.

मी घरी आले. पेज, मऊ भात, अंगणात चार पावलं. ताई रोज फोन करायची आणि रोज एकच गाऱ्हाणं. अक्षता वाटीत तशाच आहेत, अपुरी कहाणी ठेवून जेवण गोड लागत नाही. मीही हट्टाला पेटले होते.

मग एका दुपारी तिचा फोटो आला. भाच्याच्या गराजमधला बिअरचा फ्रिज. बाटल्यांच्या मागे, देवाच्या दुधापासून लांब, एक श्रीखंडाचा डबा. खाली लिहिलं होतं, “इथे नाहीतरी कसलं सोवळं!”

मी हसले, टाके दुखले, तरी हसले.

तिच्याही नमुन्यात रक्त सापडलं. आता वाट पाहायची पाळी माझी होती. तिच्या कोलोनोस्कोपीच्या दिवशी मी सकाळपासून हातात फोन घेऊन अंगणात बसले. उन्हात सगळं पुन्हा तरंगल्यासारखं झालं होतं. अखेर निरोप आला. दोन पॉलिप्स होते, म्हणजे आतड्यातल्या छोट्या गाठी. पुढे त्यांचा कॅन्सर होऊ शकला असता. त्याआधीच काढून टाकल्या.

त्या डॉक्टरबाईंच्या “इट्स अर्ली”चे, मी मावशी म्हटलेल्या त्या नर्सचे, त्या पांढऱ्या पेटीचे माझ्यावर उपकार आहेत. आता आमच्या मंडळातल्या बायका ऑनलाइन जमतात तेव्हा मी हीच कहाणी सांगते. कुणीतरी तोंडाला पदर लावते, कुणी हळूच विचारते, “कुठला डबा घेतलास?” तुमचीही पेटी कपाटात असेल, तर डबा कुठलाही चालेल.

त्या दिवशी कोलोनोस्कोपीहून ताई घरी आल्या आल्या व्हिडिओवर आली. चेहरा उतरलेला, हाताला सुईच्या जागी पट्टी, पण मूठ घट्ट मिटलेली.

“आता बोल,” ती म्हणाली.

“थोरलीने पेटी उघडली,” मी म्हटलं. दोघी रडत होतो. शेवटी ‘सुफळ संपूर्ण’ तीच म्हणाली, आणि तिने मूठ उघडली.