हिस्से पाडणं

"अबॉर्शन?" सर म्हणाले. "मी अबॉर्शन विचारलं का तुला?"

अख्खा वर्ग हसला.

मी उभी होते. बी.ए.चं दुसरं वर्ष, इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं होतं, अपोर्शन. आधी वाचून दाखव म्हणाले, मग अर्थ सांग. मी वाचलं. माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. आमच्या गावात इंग्रजी कानावर पडत नाही, डोळ्यांनीच शिकावं लागतं. पण अर्थ मला येत होता. पोर्शन म्हणजे भाग, हे माहीत होतं. त्यावरून मी काढला.

"हिस्से पाडणं, सर," मी म्हणाले. "हिस्से पाडून ज्याचा त्याला देणं."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पाडणं." आणि परत हसणं सुरू झालं. पोरी पण हसल्या. ओढणी तोंडाला लावून.

सरांनी हात वर करून वर्ग गप्प केला. मला वाटलं, आता बरोबर आहे म्हणतील. ते म्हणाले, "हिस्सा म्हटलं की तुम्हा लोकांना बरोब्बर समजते. मेहनत म्हटलं की समजत नाही. बस."

मी बसले.

मी ढिवराची पोरगी. आमचं गाव कोहमाऱ्यापासून आत, तलावाच्या पाळीला लागून. बाबा तलावात जाळं टाकतो. माय मासोळ्या टोपलीत घेऊन गावोगाव फिरते, हंगामात दुसऱ्यांच्या धानात राबते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सरांना माझी जात ठाऊक होती, स्कॉलरशिपच्या वेळी त्यांनी वर्गात मोठ्यानं विचारून घेतली होती. 'तुम्हा लोकांना' म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या दोघांकडं पण पाहिलं. ते दोघं वहीत मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी गेटमधून आत जाताना पोरं म्हणाली, "देख, अबॉर्शन आ गई."

ते नाव पडलंच. कॅन्टीनपाशी, जिन्यात, सायकल स्टँडवर. आधी आमच्या वर्गातली पोरं म्हणत होती. मग मला न ओळखणारी म्हणायला लागली. ज्यांनी तो तास पाहिला नव्हता, त्यांना ते नाव इंग्रजीच्या तासातून आलं हे कसं कळणार? त्यांनी त्याचा अर्थ लावून घेतला.

मी कॉलेजजवळ फुलचूरला एक खोली घेऊन राहत होते, तिरोड्याकडच्या एका पोरीसोबत. चांगली होती ती. माझ्या हातचा झिंग्याचा रस्सा चाटून खायची. एका रविवारी तिनं बॅग भरली.

"माझ्या घरी कोणीतरी सांगितलं गं," ती म्हणाली. "मला माहीत आहे तसं काही नाही. पण घरचे विचारतात ना."

"तू काय सांगितलं मग?"

ती बॅगची चेन लावत राहिली.

त्यानंतर त्या खोलीत मी एकटी. स्वयंपाक एकटीचा असला की पातेल्याचा आवाज फार मोठा होतो. किती तरी दिवस कॉलेजात माझ्या तोंडून हजेरीच्या 'येस सर'शिवाय शब्द निघत नव्हता. मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत जाऊन बसायची, कारण तिथं बोलायला मनाई होती. कोणी माझ्याशी बोलत नाही हे तिथं दिसत नव्हतं.

तिथंच मी मोठी डिक्शनरी काढून तो शब्द पाहिला. अर्थ मी सांगितला तोच होता. खाली बारीक अक्षरात वापर दिला होता. हा औपचारिक शब्द आहे. बोलताना नाही, सरकारी कागदात, कोर्टात, अहवालात येतो. खर्चाबरोबर येतो, जबाबदारीबरोबर येतो. आणि सगळ्यात जास्त येतो दोषाबरोबर. कोणाचा दोष किती, हे ठरवून वाटून देणं. वाटणारा एक असतो, तो वर बसलेला असतो. ज्यांच्यात वाटायचं ते वाक्याच्या शेवटी येतात.

मी ते वाचलं आणि पुस्तक जागेवर ठेवलं. तेव्हा काही उजेड पडला नाही. आपलं बरोबर होतं, एवढंच कळलं. आणि ते सांगायला बाजूला कोणी नव्हतं.

दिवाळीला घरी गेले. बाबा माझ्याकडं न पाहताच जाळं घेऊन निघून गेला. माय चुलीपाशी मासोळ्या साफ करत होती. मी बाजूला बसले. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. लगेच नजर काढली. पण मी पाहिलं होतं.

"खरं सांग बाई," ती म्हणाली. "मी तुले मारणार नाई. काही झालं व्हतं का?"

गावच्या मोठ्या पाटलांचा पोरगा आमच्याच कॉलेजात आहे, माझ्याच वर्गात. त्या दिवशी तो मागच्या बाकावर होता. त्यानं गावात येऊन सांगितलं होतं की ढिवराच्या पोरीचं कॉलेजात काय नाव आहे. नाव कसं पडलं ते सांगितलं नव्हतं.

"माय, तो इंग्रजी शब्द आहे. मी वाचला, तर लोकांनी दुसराच ऐकला."

"मंग त्या शब्दाचा मतलब काय?"

"वाटून देणं."

माय थांबली. हात खवल्यांनी भरलेले. "वाटून देल्यावर लोकं कायले हासतात?"

मी टोपलीतली एक मासोळी उचलली आणि खवले काढायला लागले. तिचा विश्वास बसला की नाही, हे मला अजून माहीत नाही.

भाऊबीज झाल्यावर समाजमंदिरात बैठक लागली. आमच्या समाजाचे पाच-सात म्हातारे आणि मोठे पाटील. पाटील आमच्या समाजाचे नाहीत. पण गावात काहीही मिटवायचं असलं तर त्यांना बोलावतात, त्यांच्याशिवाय मिटत नाही. बाबा खाली सतरंजीवर, गुडघे जवळ घेऊन. पाटील खुर्चीवर. मी दाराशी, बायांमध्ये.

पाटलांचा आवाज चांगला आहे. समजावून सांगितल्यासारखा.

"गाव आपलं एकच आहे," ते म्हणाले. "पोरगी एकटी बाहेर राहते, थोडं तिचं चुकलं. बापानं कायले ठेवली शहरात, थोडं त्याचं चुकलं. पोरं हासले, थोडं पोराइचं. मास्तर आपला शिकवत व्हता. आता बापानं समाजाले जेवण द्यावं, पोरीले घरी आणावं, चांगला पोरगा पाहून लगन लावून द्यावं. मिटलं."

म्हातारे माना हलवत होते. बाबा पण हलवत होता. माझ्या बाबाची मान हलताना मी पाहिली. हेच ते, डिक्शनरीत वाचलेलं. एक माणूस खुर्चीवर बसून हिस्से पाडून राहिला होता. तुला इतकं, तुला इतकं. स्वतःच्या पोराचं नाव त्यानं 'पोरं' म्हणून गर्दीत टाकून दिलं. मास्तरला तर काहीच दिलं नाही.

मी आत गेले. बायांच्या रांगेतून आत जायचं नसतं. गेले.

"पाटील," मी म्हणाले, "माझ्या वाट्याचं थोडं मी घेत नाही. माझ्या बाबाचं पण नाही. आमचं काहीच चुकलं नाही."

"बाई, मोठ्याइच्या मधात बोलू नाई," एक म्हातारा म्हणाला.

"तुमच्या पोरानं गावात येऊन जे सांगितलं, ते त्याचं आहे. थोडं नाही, पूर्ण त्याचं. बोलवा त्याला. माझ्यासमोर सांगू द्या मी वर्गात काय म्हणाले होते."

पाटील माझ्याकडं नाही, बाबाकडं पाहत होते. बाबा उठला. "बस झालं. घरी चाल."

रस्त्यानं तो पुढं चालला, मी मागं. शाब्बास नाही, शिवी पण नाही. धानाची कापणी सुरू झाली तेव्हा पाटलाच्या वावरात मायला बोलावलं नाही. मग दुसऱ्या दोन घरांनी पण नाही बोलावलं. मायनं मला ते नंतर फोनवर सांगितलं, आणि पुढं म्हणाली, "तू काऊन बोलली बाई." विचारलं नाही. नुसतं म्हणाली.

कॉलेज उघडल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, वर्गात एकदा सांगा, मी काय म्हणाले होते. आणि तुम्ही काय म्हणाले होते."

"मी काय केलं?" ते खरंच चकित झाले होते. "तुझा उच्चारच तसा होता. इतकं मनाला लावून घेतलं तर पुढं कसं जाशील?"

मी तक्रार दिली. कॉलेजात बायकांच्या तक्रारीसाठी समिती आहे, तिच्याकडं. समितीच्या मॅडमनी मला चहा पाजला, बेटा म्हणाल्या. सर केबिनमध्ये माफी मागायला तयार आहेत, पाटलाच्या पोराला ताकीद देऊ, तू पण थोडं समजून घे, असं त्यांचं म्हणणं.

थोडं. परत थोडं.

"वर्गात मागू द्या," मी म्हणाले.

"ते कसं होईल, बेटा?"

ते कसं होईल हे पाहणं माझं काम नाही. माझ्यासोबत उभं राहायला कोणी नाही. वर्गातले ते दोघं साक्ष द्यायला तयार नाहीत. एकानं तर हात जोडले माझ्यासमोर. बाबा फोन घेत नाही. समितीनं परत बोलावलंय, आणि या वेळी सही करून प्रकरण संपव, असा निरोप आहे.

मी जाणार आहे. सही करणार नाही. या समितीनं ऐकलं नाही तर विद्यापीठात जाईन, तिथं नाही ऐकलं तर आणखी वर. लग्नाला नाही म्हणेन, खोली सोडणार नाही, आणि पहिल्या बाकावर बसेन. सरांना रोज माझ्या तोंडाकडं पाहून शिकवावं लागेल. ज्याचं जे आहे ते त्याच्या पदरात पडेपर्यंत मी उठणार नाही.