भांडायला दम लागतो

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जालन्याच्या दवाखान्यात बावीस दिवस ऑक्सिजनवर काढून मी हसनाबादला घरी आले. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "धोका टळलाय, पण फुफ्फुसं पूर्ववत व्हायला महिने लागतील. घाई करू नका." मी मान हलवली. मला वाटलं, महिने म्हणजे दीड-दोन.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. आमच्या आणि थोरल्या जाऊबाईंच्या घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. त्यांची कोंबडी रोज भिंत ओलांडून माझ्या मेथीच्या वाफ्यात येते, आणि त्यावरून आम्हा दोघींचं लग्नापासून भांडण आहे. त्या दिवशीही ती आली. मी ओट्यावरून ओरडले, "बाई, तुमची कोंबडी..." आणि दम संपला. खांबाला धरलं, श्वास घेतला. "माझ्या मेथीत..." पुन्हा थांबले. जाऊबाई भिंतीवर कोपरं टेकवून वाट बघत उभ्या.

"हं, मेथीत काय?"

"आली!" मी म्हणाले, तोवर कोंबडी पोटभर खाऊन परत गेली होती.

नवऱ्याची मात्र चांगलीच सोय झाली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यांनी खिशातच ठेवलेलं. मी तोंड उघडलं की माझं बोट धरून त्यात घालायचे. "दुपारभर पारावर बसून काय करून राह्यले?" विचारलं, की "ब्याण्णव! बिलकुल बोलू नको!" गोठ्याच्या पत्र्याचं काय झालं विचारलं, की परत ब्याण्णव. संसारात पहिल्यांदाच त्यांना शेवटचा शब्द मिळत होता, आणि तो शब्द म्हणजे आकडा होता.

दवाखान्यातून एक यंत्र दिलं होतं. तीन खणांत तीन रंगीत गोळ्या आणि एक नळी. गोळ्या वर चढल्या पाहिजेत, एवढंच मला आठवत होतं. आठ दिवस मी नळीत जीव खाऊन फुंकत होते. एक गोळी हलेना. नवव्या दिवशी मला रडूच आलं. आवाज ऐकून जाऊबाई आल्या.

"रडून काय राह्यलीस?"

"गोळी... हलत... न्हाई."

त्यांनी यंत्र हातात घेतलं, नीट निरखलं आणि सरळ उलटं केलं. तिन्ही गोळ्या टपकन दुसऱ्या टोकाला गेल्या. "घे. तिन्ही बराबर गेल्या. मंग? ऊठ आता, चहा टाक."

नवऱ्याने तेवढ्यावर माझ्या भावाला फोन करून मी ठणठणीत झाल्याचं कळवूनही टाकलं.

दोन दिवसांनी गावातली आशाताई विचारपूस करायला आली. माझं फुंकणं बघून तिने पदर तोंडाला लावला. "ताई, फुंकायचं न्हाई, ओढायचं. सरबत पितो तसं." मी ओढलं. पहिली गोळी बोटभर उठली, थरथरली आणि पडली. त्या बोटभर उठण्याने मला जो आनंद झाला, तो मुलगा दहावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर जाऊबाई रोज सकाळी समोर पाट टाकून बसू लागल्या आणि शर्यतीतल्या बैलाला द्यावी तशी हाळी देऊ लागल्या. "ओढ! ओढ! सोडू नको!" मला हसू यायचं आणि गोळी खाली. "हसून कशाला राह्यली?" म्हणून त्या चिडायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला एवढी... कशाची घाई?"

"तू अशी मुकी राह्यलीस तर मी भांडू कोणासंगं?" त्या म्हणाल्या. "या गल्लीत दुसरी कोणी माझ्या बराबरीची न्हाई."

मी नळी परत तोंडात धरली आणि ओढायला लागले.

फाटकापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग बसथांब्यापर्यंत चालणं वाढत गेलं. घरी आल्यापासून दहाव्या महिन्यात तपासणीला जालन्याला गेलो. जाऊबाई संगं होत्याच. तिथं सहा मिनिटं चालायची परीक्षा असते: लांब व्हरांड्यात ये-जा करायची, आणि एक माणूस घड्याळ बघत फेऱ्या मोजतो. मी निघाले, तशा जाऊबाईही नऊवारी सावरत निघाल्या.

"मावशी, तुम्ही बसा."

"हिला एकटी कशी सोडू? मी हिच्यासाठीच आल्ते!"

दुसऱ्या फेरीत त्या माझ्यापुढं गेल्या. मोजणारा गोंधळला आणि शेवटी माझ्या कागदावर त्यांच्याच फेऱ्या लिहून मोकळा झाला. डॉक्टरांनी आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. "हे तुम्ही चाललात?"

"मी चालले!" जाऊबाई अभिमानाने म्हणाल्या.

अर्धा तास बसवून माझी परीक्षा परत घेतली. यावेळी जाऊबाईंना बाहेर बाकावर बसवलं, म्हणून त्या रुसल्या. डॉक्टरांनी छातीचा जुना आणि नवा फोटो शेजारी धरून दाखवला. डाग पुष्कळ विरले होते. थोडे राहतील, म्हणाले. चढावर दम लागेल, तेव्हा थांबायचं, घाबरायचं नाही, आणि चालणं सोडायचं नाही.

बाहेर आले तर जाऊबाई बाकावर शेजारच्या तीन पेशंटना नळीतून हवा कशी ओढायची ते शिकवत होत्या. यंत्र नव्हतं, म्हणून स्ट्रॉ घातलेले उसाच्या रसाचे चार ग्लास मागवले होते.