हॉलंडच्या किनाऱ्यासाठी बंद केलेली खिडकी

आमच्या मोशीच्या सोसायटीत एक वाचनालय आहे. म्हणजे पुस्तकं नाहीत. एक लांब टेबल, दोन-तीन वर्तमानपत्रं आणि पूर्वेला मोठी खिडकी. माझे सासरे रोज सकाळी त्या खिडकीशी बसून पेपर मोठ्याने वाचायचे. ऐकायला शेजारच्या इमारतीतले दोन म्हातारे, दोघांचीही नजर अधू. वाचनापेक्षा भांडणच जास्त. पिंपरीच्या कंपनीत मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला आपलं कुणी ऐकून घेतंय अशी ही पहिलीच जागा मिळाली होती.

मग अध्यक्षांनी युरोपातून नकाशा आणला. त्यांचा चाकणला कारखाना आहे, आणि सोसायटीला 'दर्जा' यावा ही त्यांची जुनी तळमळ. नकाशा हॉलंडच्या किनाऱ्याचा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, काही शतकं जुना. शहरांपेक्षा जहाजं मोठी, जहाजांपेक्षा मासे मोठे, आणि कोपऱ्यात शीर्षकाची पाटी धरून बसलेली दोन गुबगुबीत उघडी पोरं. वस्तू सुंदर आहे, हे मी रागातही मान्य करते. तो वाचनालयाच्या भिंतीवर लागला, नारळ फुटला, फीत कापली गेली. "असा नकाशा अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाकडे नाही," अध्यक्ष म्हणाले. खरं असणार. तो नाही म्हणून कुणाचं अडलंही नव्हतं. शेजारी इंद्रायणीवर फेस तरंगत असताना समुद्राचं एवढं कौतुक मी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सूचना आली. उजेडाने जुनी शाई उडते, म्हणून खिडकीचा पडदा कायम बंद राहील, ट्यूबही लावू नये, सहकार्याबद्दल आभार. नकाशावर मात्र एक खास मागवलेला मंद पिवळा दिवा.

सासऱ्यांनी वाद घातला नाही. खुर्ची उचलली आणि त्या दिव्याखाली, हॉलंडला पाठ टेकून पेपर उघडला. रविवारी मी त्यांना चहाला बोलवायला गेले, तेव्हा अध्यक्ष पाहुणे घेऊन उभे होते.

"काका, जरा सरका. पाहुण्यांना नकाशा दिसत नाहीये."

"मला पेपर दिसंना, त्याचं काय?"

"अहो, पेपर घरीही वाचता येतो."

"मंग नकाशा बी घरीच लावायचा ना राव."

"वाचा हो तुम्ही पुढं," दोघांतला एक म्हातारा म्हणाला. "ती उघडी पोरं बी ऐकत बसलीत."

पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत दिव्याच्या बटणाला कुलूपबंद पेटी बसली. चावी ऑफिसात, पाहुणे आले तरच मिळणार.

अंधारात कोण बसणार? ते दोघे यायचे बंद झाले. सासरे मला म्हणाले, "पेपर बंद करून टाक." मी म्हटलं, घरी वाचा की. "घरी कुणाला वाचून दाखवू?"

मी कमिटीपुढे गेले. "मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता. वारशाची किंमत तुम्हाला तरी कळायला हवी," अध्यक्ष म्हणाले. मी विचारलं, कुणाच्या वारशाची? त्यावर चहा मागवण्यात आला.

एका कागदाला उजेड सोसत नाही म्हणून तीन जिवंत माणसांना अंधारात बसवायचं, आणि त्याला संस्कृती म्हणायचं! आता ताथवड्याला कॉलेजला निघण्याआधी मी स्वतः खाली जाते आणि पडदा पूर्ण उघडते. सकाळचं ऊन थेट जहाजांवर पडतं. शाई उडते म्हणतात. उडू दे. वॉचमनला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर माझ्या फ्लॅटचा नंबर सांग.

पहिल्या सकाळी सासऱ्यांना हाताला धरून नेलं. बाकीचे दोघे आपणहून आले.

परवा मला नोटीस आली, दुर्मिळ ठेव्याच्या नुकसानीबद्दल. सासऱ्यांनी ती टेबलाशी बसून, खिडकीच्या उजेडात, सावकाश आणि मोठ्याने वाचली.

"नुकसान कुणाचं म्हंता?" दोघांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तेच लिहिलेलं न्हाई," सासरे म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.