प्रत्येक वेळी नवी

मी आज पदवीधर आहे, तो माझ्या आत्यामुळे. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. म्हणून वडिलांनी मला शिंदखेड्याजवळ तिच्या घरी ठेवलं. नववीत असताना मी शाळेत चक्कर येऊन पडलो आणि मला साखरेचा आजार असल्याचं कळलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई. टोचायला आत्याच शिकली. आई भेटायला आली तरी तिला ते बघवत नसे.

औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळे, त्याबरोबर चार-दोन सिरिंजा मिळत. आत्याच्या घरी नवी वस्तू मुहूर्ताशिवाय वापरात येत नाही; मग ती घागर असो की केरसुणी. सिरिंजांचंही तेच झालं. नवं पाकीट आलं की त्याला हळदकुंकू लागे, ते देव्हाऱ्यात जाई आणि सोमवारीच फुटे. तोवर जुनीच सुई गरम पाण्याने धुऊन पुन्हा पुन्हा. शेवटी शेवटी ती इतकी बोथट होई की टोचताना मी उंबरठा धरून बसत असे.

साखर काही उतरेना. डॉक्टर डोस वाढवत होते, मी वाळत होतो. वडील येऊन आत्याला सांगून गेले, "असंच राहिलं तर दहावीनंतर याला घरी नेतो. कॉलेज नको आणि होस्टेल नको. पोरगा जगला तरी पुरे."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना गाठी झाल्या होत्या.

"सुई कधी बदलता?" त्यांनी विचारलं.

आत्या अभिमानाने म्हणाली, "दर सोमवारले नवी काढस मी. हळदकुंकू लाईसन."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "अक्का, एक सुई एकदाच. बोथट सुईने आणि एकाच जागी टोचून गाठी होतात. गाठीत औषध नीट जिरत नाही. म्हणून साखर उतरत नाही."

मला घेऊन आत्या तडक औषधाच्या खिडकीवर गेली आणि महिनाभराच्या सुया मागू लागली.

"अक्का, कागदावर फक्त औषध लिहिलंय," खिडकीतले भाऊ म्हणाले. "सुया आम्ही आमच्या मनाने थोड्या देतो. जास्त कशा देऊ?"

"औषध देस नि सुई नही देस? मंग हाई औषध काय भाचाना कपायले चोपडू?"

रांग हसली. मागून कोणी ओरडलं, "द्या हो भाऊ, नाहीतर अक्का खिडकीतून आत येतील!"

"लिहून आणा, देतो," भाऊही हसत म्हणाले.

"लिखी लयस. आठेच ऱ्हाय. जेवाले जाऊ नको."

डॉक्टर उठायच्या बेतात होते. आत्या दारातच उभी राहिली. त्यांनी पुन्हा बसून लिहिलं: इन्सुलिनच्या सिरिंजा, रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी नवी, महिन्याच्या. आत्याला वाचता येत नाही. तिने व्हरांड्यात मला थांबवलं. "वाच. मोठ्यानं." मी वाचलं. "अजून एकदा." पुन्हा वाचलं. त्या दिवशी आम्ही पिशवी भरून सिरिंजा घेऊन आलो.

घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातली पाकिटंही खाली काढली. "देवनं पाही लिनं. आते तू वापर." दिवस अमावस्येचा होता.

टोचायची जागा रोज बदलू लागलो. वापरलेल्या सुया तेलाच्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात परत जात. गाठी हळूहळू बसल्या, डोस कमी झाला. बारावीनंतर वडिलांनी स्वतः माझी ट्रंक जळगावच्या गाडीवर चढवली.

फोनवर आत्या मला काही बोलू देत नाही. 'जेवला का' विचारते आणि ठेवून देते. म्हणून निकालाच्या दिवशी पत्रच लिहिलं. ते तिला तिच्या यजमानांनी, म्हणजे नानांनी वाचून दाखवलं.

"आत्यास साष्टांग नमस्कार.

मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालो. आपल्या घराण्यातला पहिलाच.

आज इथल्या दवाखान्यात पाचोऱ्याकडची एक बाई भेटली. मुलाला माझाच आजार. तिच्याही कागदावर नुसतं औषध. मी तिला परत डॉक्टरांकडे नेलं, सुया लिहून घेतल्या आणि मिळेपर्यंत खिडकीवर उभा राहिलो. तुझ्याएवढा आवाज निघाला नाही, पण काम झालं.

पदवी देण्याचा समारंभ पुढच्या महिन्यात आहे. वडिलांनी सांगितलंय, पहिल्या रांगेत तू बसायचं, ते मागे बसतील. नाना, तुम्ही तिला नाही म्हणू देऊ नका. मी स्टँडवर घ्यायला येतो."