दोन इंग्रजींचा फॉर्म

तुमची आत्तेबहीण अकरावीत गेली तेव्हाची ही गोष्ट. तिचे आईवडील नोकरीसाठी बंगळूरला आणि ती काचीगुड्याला आमच्यापाशी, त्यामुळे शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही माझी. शाळेनं वरच्या दर्जाच्या इंग्रजीचे दोन पर्याय दिले होते. एकात नुसतं साहित्य: नाटकं, कविता, कादंबऱ्या. दुसऱ्यात भाषा: भाषणं, बातम्या, जाहिराती आणि चवीपुरतं साहित्य. एकदा फॉर्म गेला की दोन वर्षं बदल नाही.

सुट्टीभर ती साहित्य म्हणत होती. शाळा सुरू झाली आणि आठवड्यात भाषा म्हणू लागली. कारण विचारलं तर म्हणाली, "असंच, आजी. लाइट घे ना, एवढं काही नाही."

निवृत्त होईपर्यंत मी जामबागच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. विद्यार्थी 'असंच' म्हणून विषय बदलत नाहीत. मैत्रीण तिकडे गेली असेल, नाहीतर तिथे मार्क सोपे मिळतात असं कुणी कानात सांगितलं असेल. मी शाळेची माहितीपुस्तिका दोनदा वाचली, मार्कांची रीत दोन्हीकडे सारखीच. तिच्या मैत्रिणीला फोनवर सहज म्हणून विचारलं, तर ती साहित्यच घेत होती. संशय वाढला.

शेवटी घरची रीत काढली. तुमचे आजोबा सचिवालयातून निवृत्त झाले तरी आमच्याकडे टिपणाशिवाय निर्णय होत नाही. फ्रिज घेतानाही टिपण झालं होतं. मी तिला म्हटलं, "दोन्ही बाजू एका पानात लिहून दे, इंग्रजीत. मग सही."

दुसऱ्या दिवशी टिपण आलं. फारच चांगलं होतं, एकही स्वल्पविराम चुकीचा नाही. मला वाटलं, हे कॉम्प्युटरकडून लिहून घेतलंय. पुन्हा वाचलं. परिच्छेदांना क्रमांक होते आणि शेवटी 'मे काइंडली बी पेरूज्ड', म्हणजे 'कृपया अवलोकन व्हावे', ही कचेरीतली विनंती. सोळा वर्षांच्या मुलीसाठी कुठलाही कॉम्प्युटर असं लिहिणार नाही.

आजोबा बाल्कनीत पेपरमागे बसले होते.

"अहो, हे कुणी लिहिलं?"

"मुद्दे तिचे. मी फक्त ड्राफ्ट केलं."

"यात खरं कारण कुठाय?"

"खरं कारण टिपणात घालायचं नसतं. पोरगी तुला घाबरते."

"आजोबा, नक्को ना!" ती दारातच उभी होती.

"मी कधी ओरडले तुला?"

"ओरडत नाहीस, दुरुस्त करतेस. मी तुला दिलेल्या वाढदिवसाच्या कार्डावर पण केलंस. साहित्याच्या मॅडम तुझ्या स्टुडंट निघाल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, तुझे निबंध आजीला दाखवते. म्हणजे वर्गात पण तूच, घरी पण तूच! मी लिहू काय मग?"

कार्डाचं खरं होतं. दोन चुका होत्या, मी त्या लाल पेन्सिलीनं दाखवल्या होत्या. तुम्ही दोघं भावंडं हल्ली मला काही लिहून का पाठवत नाही, हेही तेव्हा लक्षात आलं.

"तुला आवडतं काय पण?"

"साहित्यच."

"मग तेच घे. मी काही वाचणार नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत मी मुलांच्या कंपासपेटीकडे पाहत असे तसं. "आणि मॅडमना गुपचूप विचारलंस तर?"

मी तिच्यासमोर फोन लावला.

"स्पीकरवर," ती म्हणाली.

मी मॅडमना सांगितलं, हिचं काहीही मला दाखवायचं नाही. मी मागितलं तरी नाही.

"मॅडम, तुम्ही मागितलं तर मी नाही कशी म्हणणार?" फोनवरून माझी जुनी विद्यार्थिनी म्हणाली.

"म्हणायला शिक."

नात पहिल्यांदा हसली. साहित्यावर खूण करून तिनं फॉर्म पुढे केला. मी सही केली.

पुढच्या महिन्यात तिनं पहिला निबंध दिला. किती मार्क पडले, मला माहीत नाही. आजोबांना माहीत असावेत, असा माझा संशय आहे.