अक्काचे पाय

आमच्या चर्चचे पाळकसाहेब कुणाला काही देताना तळहात उघडा ठेवून अगदी खाली धरत. घेणाऱ्यानं वरून उचलायचं. "घेणाऱ्याचा हात वर हवा," म्हणायचे. लेकरांना गोळी द्यायची असो की अडलेल्याला मदत, पद्धत तीच. मी घरी त्यांची हुबेहूब नक्कल करून शेंगदाणे वाटायचो.

जळगावातली आमची मंडळी लहानशी. आम्ही नशिराबादहून यायचो, बाकीचे बहुतेक दालमिलमधले. उपदेशात साहेब जगाच्या पंगतीबद्दल फार बोलत. सगळी एकाच बापाची लेकरं, मग एकाच्या ताटात उष्टं उरतं आणि दुसऱ्याला ताटच नाही, हे पाप कुणाचं, असं विचारून गप्प उभे राहत. आम्हीच खाली बघायचो, पाप जसं काही आमचंच. इंग्रजी मला त्यांनीच शिकवलं, तेही फुकट. त्या माणसासाठी मी जीव टाकत होतो, खोटं कशाला सांगू?

एका डिसेंबरात परदेशातून तीन पाहुणे आले. मुलींच्या वसतिगृहाला छप्पर हवं होतं, ते देणार होते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मिलमध्ये डाळ निवडते. पाहुण्यांसाठी म्हणून तिनं नव्या सँडल घेतल्या आणि रिवाजाप्रमाणे चर्चच्या दाराबाहेर काढल्या. पाहुणे आले बाजूच्या दारानं, बूट घालूनच. बाहेरचा चपलांचा ढीग त्यांना दिसलाच नाही.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईनं आमच्या पायांकडे पाहून इंग्रजीत विचारलं, थंडीतही यांना चपला मिळत नाहीत का? साहेब इंग्रजीतच म्हणाले, "मिळतं ते सगळं पोटातच जातं." बाई अक्कापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिचे पाय धरून रडली. अक्का लाजून चूर झाली. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसाच हा मान, असं तिला वाटलं. मिलमध्ये तिनं ज्याला त्याला सांगितलं.

मी साहेबांना त्याच दिवशी गाठलं.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "त्यांच्याकडे इतकं आहे, पण रडू आल्याशिवाय हात सुटत नाही. आपण नीटनेटके दिसलो, तर छप्पर दुसऱ्या गावाला जातं."

तुम्हालाही कदाचित हे पटेल. पण पाय माझ्या बहिणीचे होते. माझं डोकंच फिरलं. त्यांनी शिकवलेल्या इंग्रजीतच मला त्यांची लबाडी ऐकावी लागली होती. या माणसानं आम्हाला विकलं, असं मला वाटलं. आजही वाटतं.

छप्पर आलं. मागोमाग वापरलेल्या चपलांची खोकी आली. अक्कानं एक उघडलं आणि भर मंडळीत विचारलं, "आपलाकडे चपला नही शेतस, हाई कोनी सांगं?" साहेबांनी मान खाली घातली. अक्का काय ते समजली. पुढच्या रविवारपासून ती चर्चला आली नाही.

साहेबांची नाशिकला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला ते आमच्या दारी आले. अक्कानं पाणी दिलं.

"माले एकच सांगा, साहेब. ती बाई मना पायजवळ का बरं रडनी?"

त्यांना सहज खोटं बोलता आलं असतं.

"तिला तुझी कीव आली," ते म्हणाले.

अक्का पेला घेऊन आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. मीही त्यांना बसा म्हटलं नाही.

गेल्या वर्षी ते नाशिकलाच वारले. मी दफनाला गेलो नाही. अक्का गेली, एकटीच, एसटीनं. का जातेस, म्हणून मी तिच्यावर चिडलो, तर म्हणाली, "शेवटले खरं सांगं त्यानी माले."

मला तेवढ्यानं भागत नाही.