पडद्यावरचा हात

काल शेजारच्या नलूताईंनी त्यांच्या लग्नाचा जुना फोटो दाखवला. नवरानवरीच्या मागं रंगवलेलं तळं होतं आणि तळ्याच्या काठावर एका हाताचा काळपट ठसा. माझा चहा तसाच राहिला. तो हात माझा होता.

कॉलेजच्या नाटकासाठी गुलमंडीवरच्या युसूफचाचांनी आपल्या फोटो स्टुडिओचा पडदा दिला होता. मरणाच्या प्रवेशात माझा तोल गेला आणि कुंकवाच्या पाण्यानं भिजलेला हात पडद्यावर टेकला. नाटक संपल्यावर मी रडायलाच लागले. चाचा म्हणाले, "रोती कायको, बेटी? उद्या धुऊन टाकतो. पण मेलीस लई झकास!"

महिन्याभरानं स्थळाला पाठवायचा फोटो काढायला गेले, तर ठसा तिथंच. "धुतला नाही, चाचा?" कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाआडून ते एवढंच म्हणाले, "जरा डावीकडं सरक." ठसा माझ्या पाठीआड गेला.

लग्नानंतर मी पुन्हा नाटकात उभी राहिले नाही. चाचा पडदा धुवायचा विसरले, की त्यांनी ठसा मुद्दाम ठेवला? आणि ठेवलाच, तर माझ्याच फोटोत का झाकला? काही कळत नाही. गावातल्या कितीतरी घरांत माझा तो हात भिंतीवर टांगलेला असेल. फक्त माझ्या घरात नाही.